मोठीचं औषध

कासवाचं तोंड उघडणं आणि माझ्या नवऱ्याकडून खरं काढून घेणं, या दोन्हीला एकच नियम लागू पडतो. घाई करायची नाही, आणि एकदा पकडीत आलं की सोडायचं नाही. हा विनोद मी आता करते. त्या ऑक्टोबरात मला विनोद सुचत नव्हते, नुसती चिडचिड होत होती.

आमच्याकडे दोन कासवं आहेत, एक मोठी आणि एक धाकटा. नवऱ्याच्या कंपनीतल्या एकाची गुजरातला बदली झाली, त्याला ती नेता येईनात, म्हणून ती आमच्या बोईसरच्या तळमजल्यावरच्या घरी आली. मागच्या अंगणात फरशी उखडून आम्ही त्यांना माती करून दिली. आल्यागेल्याला मी आधी हे सांगते की ही आफ्रिकेतली जात आहे, वनखात्याकडे रीतसर नोंद आहे, आणि आपल्याकडची अंगावर चांदण्या असलेली कासवं घरात ठेवणं गुन्हा आहे. लोक ऐकून घेतात आणि विचारतात, "पैसा येतो का हो यांनी?" मी म्हणते, "नाही, जातो. पालकाच्या जुड्या काय भाव आहेत बघा."

पाऊस लांबला त्या वर्षी दोघांना सर्दी झाली. माणसाची सर्दी रुमालावर भागते, कासवाची छातीत उतरली की जिवावर बेतते. नाकाशी बुडबुडे, डोळे अर्धे मिटलेले, आणि मोठी तर मान बाहेर काढून तोंड उघडून श्वास घ्यायची. वसईला अशा प्राण्यांची एक डॉक्टर आहे. तिनं तपासलं, दोघांना पातळ औषध दिलं. धाकटा पक्का खादाड. जास्वंदीच्या फुलात औषध लपवलं की फुलासकट गट्टम. दोन आठवड्यांत तो अंगणभर फिरायला लागला. मोठीनं मात्र खाणंच सोडलं होतं. तिचं औषध तिच्या घशात उतरवायचं ते आपल्या हातांनी.

डॉक्टरांनी मला करून दाखवलं होतं. आधी कोमट पाण्याच्या टबात, जेमतेम पाय भिजतील एवढ्या पाण्यात ठेवायचं, म्हणजे मान आपसूक बाहेर येते. मान आली की जबड्यामागे अंगठा आणि बोट ठेवून धरायचं. ती मान आत ओढते, आणि तिच्या मानेत ताकद इतकी की आपला अंगठा दुखतो, पण झटका द्यायचा नाही आणि सोडायचंही नाही. दुसऱ्यानं खालचा जबडा हळूच खाली करून सुई नसलेली पिचकारी आत घालायची, पार जिभेच्या मागे. जिभेच्या मुळाशीच श्वासाचं भोक असतं, त्याच्या पलीकडे जायचं. औषध तिथे गेलं तर फुप्फुसात जाणार आणि आपण औषधानंच मारणार. थेंब थेंब सोडायचं, गिळू द्यायचं. हे दोन माणसांचं काम आहे, हे डॉक्टर तीनदा म्हणाली.

दोन माणसं म्हणजे मी आणि नवरा. तो तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहे, मी दुसऱ्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. त्याची संध्याकाळची पाळी होती तोवर सकाळचं औषध आम्ही मिळून देत होतो. मग त्याची पाळी सकाळची झाली आणि घरात दुसरं माणूस उरलं ते म्हणजे माझ्या सासूबाई.

सासूबाई एडवणच्या. सगळा जन्म दर्याकाठी गेला, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन सफाळ्याच्या बाजारात. आदल्या वर्षी सासरे गेले आणि नवरा त्यांना बोईसरला घेऊन आला. माझं माहेर सांगलीकडचं, म्हणून त्या मला अजून 'घाटी' म्हणतात. मी कालवणात खोबरं जास्त घातलं की घाटी, मासा घेताना कल्ले बघायला विसरले की घाटी. मलाही बोलता येतं, मी गप्प बसत नाही. पण एकंदरीत आमचं बरं चाललं होतं.

पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणाले, "आई, तुम्ही फक्त मान धरा. बाकीचं मी करते."

त्यांनी मोठीची मान धरली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांचे हात थरथरत होते. पकड सुटली, मान आत गेली, औषध माझ्या गाऊनवर सांडलं. आयुष्यभर सुरमईच्या मुंड्या कापलेल्या बाईला कसलं कापरं भरतं, असं मनात आलं आणि ते तोंडावर दिसलंही असणार.

"देवाचं तोंड फाकवतेस," त्या म्हणाल्या. "ह्ये बरं नाय."

"देवाला न्यूमोनिया झालाय, आई."

"तिला जायाचं असंल तर जाऊ दे ना."

मला कंपनीची बस गाठायची होती. "उद्या नीट धरा," एवढंच बोलून मी पुन्हा पिचकारी भरली.

तसे चार-पाच दिवस गेले. रोज तेच. त्या धरायच्या, तोंड फिरवायच्या, मी ओरडायची. दर वेळी निम्मं औषध बाहेर. मोठीचं वजन उतरत होतं, उचलली की हाताला कळायचं. डॉक्टरांना फोन केला तर ती म्हणाली, डोस पूर्ण पोटात जायलाच हवा, ती आता काठावर आहे. हे 'काठावर' माझ्या डोक्यात बसलं. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुताना, डब्यातली पोळी मोडताना, मला तिचं ते उघडं तोंड दिसत राहायचं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, आणि घाबरले की मी माणसांवर खेकसते.

त्या दिवशी मी दुपारी उतरत्या उन्हात घरी आले. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. सासूबाई शेजारी गेल्या असतील म्हणून मी सरळ मागच्या अंगणात गेले. धाकटा त्याच्या कोपऱ्यात पालक ओढत होता. मोठीचं खोकं रिकामं होतं. आतलं फडकं नीट घडी करून ठेवलेलं.

आधी वाटलं, अंगणात कुठे सरकली असेल. मी कुंड्या हलवल्या, पायरीखाली वाकून पाहिलं. मग घरात आले. देवघरापुढे हळदीकुंकवाची डबी उघडी, जमिनीवर कुंकू सांडलेलं. ओट्यावरचा नारळ गायब. आणि माळ्यावरून त्यांची जुनी मासळीची पाटी काढलेली, तिच्यावरची धूळ खाली जमिनीवर पडली होती. त्यांचा मोबाइल टीव्हीजवळ चार्जिंगला लावलेला.

शेजारच्या वहिनी दारात आल्या. "सासूबाई ना? मघाशी पाटी डोक्यावर घेऊन स्टेशनकडे गेल्या. मी विचारलं कुठे, तर म्हणाल्या, गावी. पाटीवर हिरवं लुगडं झाकलेलं."

मला काही उमजेना. आजारी कासव गावी कशाला नेतात? वैदू बघायचा म्हणून? नवऱ्याच्या कारखान्यात आत मोबाइल चालत नाही, आणि त्याची पाळी संपली तरी बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. मी गेटवरच्या नंबरवर फोन लावला, निरोप दिला, आणि ओट्याला टेकून उभी राहिले. त्याचा फोन येईपर्यंत मी सांडलेलं कुंकू पुसलं. काहीतरी करायला हवं होतं म्हणून पुसलं.

"हळदकुंकू आणि नारळ?" त्यानं विचारलं. 

"बोल ना!"

"अगं, आमच्यात जाळ्यात कासव आलं की घरी आणत नाहीत. हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि परत दर्यात सोडतात. बाबा पण सोडायचे. आई तिला सोडायला गेलीय."

"समुद्रात?"

"अजून कुठे?"

"अरे ती पोहत नाही!" मी किंचाळलेच. "ती मातीतली आहे! दगडासारखी खाली जाईल!"

"मला माहितीये. आईला नाही माहीत."  मग तो जे बोलला ते कोळ्याच्या पोरालाच सुचणार. "आज अष्टमी. भरती दिवेलागणीला. ओहोटीला आई सोडणार नाही, देव चिखलात रुतेल म्हणून पाणी चढेपर्यंत थांबेल. तू स्कूटर काढ. माझा रिलीव्हर अजून आलेला नाही."

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा तिथीचे आभार मानले. आणि गावातल्या कुणाला फोन करावा तर दुपारी सगळे जाळ्यांत नाहीतर झोपेत. चुलतसासऱ्यांचा फोन वाजून वाजून बंद झाला. मग मी स्कूटर काढली.

बोईसरहून पालघर हा रस्ता मी रोज शिव्या देत बघते, त्या दिवशी तोंडातून शिवीही निघेना. पुढे रसायनाचे टँकर, मागे टँकर, मध्ये मी. एका ठिकाणी खड्डा चुकवायला गेले तर मागच्या ट्रकवाल्यानं "ओ मॅडम, मरना है क्या" म्हणून हात बाहेर काढला. पालघर ओलांडल्यावर रस्ता रिकामा झाला. दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं, काही शेतांत कापणी चालू. ऊन कलायला लागलं होतं आणि मी सारखी त्या उन्हाकडे बघत होते. माझं आपलं घाटी गणित, सूर्य बुडाला की पाणी भरलं. बरोबर की चूक ते ठाऊक नव्हतं, पण धरायला तेवढंच होतं. केळव्याच्या पुढे एका वळणावर पेट्रोलचा काटा लाल खुणेवर आलेला दिसला. मी तिकडे पुन्हा पाहिलं नाही.

एडवणला घराला कुलूप होतं. ओटीवर सासूबाईंच्या चपला. म्हणजे त्या अनवाणी गेल्या होत्या. मी स्कूटर तिथेच टाकली आणि सुरूच्या झाडांमधून पळत सुटले.

आमच्या त्या किनाऱ्याला पाणी पार लांब जातं आणि येतं तेव्हा गुपचूप येतं. वाळू सपाट, काळसर, पाय रुतणारी. लांबवर पाण्यात एक बाई उभी दिसली. लुगड्याचा काष्टा, डोक्यावर काही नाही. पाटी वाळूवर उपडी पडलेली. म्हणजे कासव हातात होतं.

"आई!" मी ओरडले. वारा तोंडावर. "आई, थांबा! सोडू नका!"

त्यांना ऐकू गेलं नाही. त्या वाकल्या. मी पाण्यात शिरले तेव्हा त्या सरळ उभ्या राहिल्या होत्या, हात जोडलेले. हात रिकामे होते.

मी त्यांच्यापर्यंत कशी पोचले ते मला आठवत नाही. मला पोहता येत नाही, पाणी माझ्या कमरेच्या वर होतं, आणि मी त्यांचा दंड धरून गदागदा हलवत होते. "ती बुडेल, आई! ती पाण्यातली नाही! ती रानातली आहे, तिला पोहता येत नाही!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "कासव बुडत नाय," त्या म्हणाल्या. मग पाण्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावरून जे उतरत गेलं ते मी कधी विसरणार नाही. "म्हनून वर आलं नाय," त्या पुटपुटल्या. "मी म्हटलं, आमचं कासव दम घ्यायला डोकं वर काढतं. ह्ये कसं काढंना."

मी पायांनी चाचपडायला लागले तशी त्या ओरडल्या. तोवर त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "हलू नको! पानी गढूळ करशील! हितंच उबी ऱ्हा, तुजा पाय खुणंला ऱ्हाऊ दे!"

मी खांबासारखी उभी राहिले. त्या माझ्याभोवती पावलं घासत फिरायला लागल्या, काळजीपूर्वक, टाचा न उचलता. लाट आली की थांबायच्या. मी नुसती बघत होते आणि मनात एकच चाललं होतं, किती वेळ, किती वेळ झाला. एकदम त्यांनी श्वास घेतला आणि पूर्ण खाली गेल्या. लुगडं पाण्यावर फुगलं. वर आल्या त्या रिकाम्या हातानं, तोंडातलं पाणी थुंकत. पुन्हा गेल्या. मी रडायला लागले होते, मोठ्यांदा, लाज सोडून.

दुसऱ्यांदा वर आल्या तेव्हा मोठी त्यांच्या छातीशी होती. पाय लोंबत होते, मान लोंबत होती. पाठीवर हळदीचा पिवळा डाग तसाच.

वाळूवर येईपर्यंत त्यांनीच तिला उलटं धरलं होतं, डोकं खाली. नाकातोंडातून पाणी गळत होतं. मी स्कूटरकडे धावले, डिकीतून फोन काढला, वसईच्या डॉक्टरांना लावला. नशीब, तिनं उचलला. सांगत गेली तसं आम्ही केलं. डोकं खालीच ठेवा, मान हळू ओढून सरळ करा, पुढचे पाय आत-बाहेर, आत-बाहेर. मी पाय हलवत होते, सासूबाई मान धरून होत्या. त्यांचे हात तेव्हा जराही थरथरत नव्हते.

सूर्य बुडाला. चुलतसासरे कुठूनसे आले आणि आमच्यापाशी उभे राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मोठीनं उजवा पुढचा पाय माझ्या बोटांतून ओढून घेतला. ओढण्यात फारसा जोर नव्हता, पण ओढला तिनंच.

आणि तेव्हा, जीव भांड्यात पडल्यावर, मी सासूबाईंना नको ते बोलले. "मारून टाकलं असतंत तुम्ही तिला."

त्यांनी ओल्या लुगड्याच्या पदरात कासव गुंडाळलं आणि चालायला लागल्या.

चुलतसासऱ्यांनी कुणाच्या तरी गाडीतून पेट्रोल काढून दिलं. पालघरला वसईच्या डॉक्टरांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे जाऊन मोठीला इंजेक्शन टोचून घेतलं. तो सगळा वेळ सासूबाई मागे बसून होत्या, पाटी मांडीवर. घरी नवरा दारातच उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखा चहा ठेवायला आत गेला.

सकाळी तो कामावर गेला. मी रजा टाकली होती. मोठीला कोमट पाण्यात ठेवलं आणि विचार करत बसले, एका हातानं मान आणि दुसऱ्यानं पिचकारी जमेल का. सासूबाईंना पुन्हा सांगायची माझी हिंमत नव्हती. राग मात्र गेला होता.

त्याच आल्या. माझ्यासमोर पाटावर बसल्या.

"मी धरनार नाय," त्या म्हणाल्या.

"नका धरू. मी बघते."

"तू धर. दवा मी देते. दे इकडं ती पिचकारी."

मी दिली. जिभेच्या मागे, आई, श्वासाचं भोक अलीकडे असतं, असं सांगत होते, पण त्यांनी ते पाचही दिवस ऐकलं होतं. मोठीनं मान बाहेर काढली, मी धरली. त्यांनी एका बोटानं जबडा खाली केला. मी करायची तसा दाबून नाही, नुसतं बोट टेकवून वाट बघत, पोराला भरवताना करतात तसा. मोठीनं तोंड उघडलं. त्यांनी एक थेंब सोडला आणि थांबल्या. इतका वेळ थांबल्या की मला ओरडावंसं वाटलं.

"गिळ, बाय," त्या म्हणाल्या. "गिळ गं."

मोठीचा घसा हलला. मग दुसरा थेंब. मग तिसरा. सगळं औषध आत गेलं, एक थेंब बाहेर नाही.

"गिळलं, आई," मी म्हणाले. "सगळं गिळलं." मी मान सोडली. मोठीनं ती सावकाश आत घेतली.

सासूबाई पिचकारी हातात धरून तशाच बसल्या होत्या.

"ह्यांनी नाय गिळलं," त्या म्हणाल्या. क्षणभर मला कळलं नाही त्या कुणाबद्दल बोलतायत. "हास्पिटलात. नर्स म्हनली, मावशी, हात घट धरा, दवा जायाला होवी. मी धरले. ते माज्याकडं बघत व्हते, मान हलवत व्हते, नको नको. समदी दवा गालातनं भाईर आली." त्यांनी डावा हात उजव्या मनगटावर ठेवला आणि दाबला. "तरी मी हात सोडले नाय."